चंद्रीच्या गळ्यातली चकती

मी गाडी एकदाच विसरलो. घरातले दोनदा म्हणतात, पण घरातल्यांची मोजदाद मला कधीच पटलेली नाही.

पहिल्या वेळचं कबूल करतो. दाढी करायला गेलो, माझी राजदूत फटफटी न्हाव्याच्या दुकानासमोर लावली आणि गुळगुळीत तोंडानं चालत घरी आलो. संध्याकाळी दारात गाडी नाही म्हणून मी जो दंगा केला, तो तिसऱ्या गल्लीपर्यंत ऐकू गेला. तालमीतली पोरं चारी दिशांना पळाली. दुसऱ्या दिवशी न्हाव्यानंच निरोप धाडला, "आबा, गाडी न्या की, गिऱ्हाइकाला आत शिरायला वाट न्हाई." मंगळवार पेठ आठवडाभर हसली. दुसऱ्या वेळी मात्र मी विसरलो नव्हतो. मार्केटला दोन दारं आहेत; मी एकातून आत गेलो आणि दुसऱ्यातून बाहेर आलो. यात विसरणं कुठं आलं?

पण माझी सून वर्षाराणी, तिनं फोनवरून एक चकती मागवली. सदऱ्याच्या बटणापेक्षा थोडी मोठी, पांढरी. "मामा, चोरीसाठी हाय ही," म्हणाली. "गाडीला लावायची. कोण घिऊन गेलं तर फोनवर कळतंय."

चोरीसाठी! चौऱ्याऐंशी सालची राजदूत. तिला किक मारायची तर आधी तिची मनधरणी करावी लागते. कुठला चोर एवढा रिकामा आहे? मला कळत होतं ती चकती कशासाठी आहे, आणि सुनेला कळत होतं की मला कळलंय. दोघंही चोराचंच नाव घेत राहिलो.

माझा मुलगा संग्राम, त्यानं ती सीटखाली बसवली. त्याला म्हटलं, "हिला वायर न्हाई, शिमकार्ड न्हाई, मग ही सांगती कुणाला?"

"जवळनं जाणाऱ्या माणसाच्या फोनला, आबा. त्यो फोन वर कळवतोय, गाडी हितं हाय म्हणून. त्या माणसाला पत्ताबी नसतोय."

म्हणजे आपल्या गल्लीसारखंच झालं. हा जोतीराम कुठं गेला, कुणाच्या दारात थांबला, हे येणारे-जाणारे बघतात आणि माझ्याआधी माझ्या घरी पोचवतात.

तेव्हाच संग्रामनं अट घातली. "आता परत गाडी हरवली, तर किल्ली माझ्याकडं. आन् पाडव्याला चंद्रीच्या म्होरं मी."

हे मात्र काळजाला लागलं. चंद्री ही माझी म्हैस. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशी नटवून रस्त्यावर आणतात. शिंगांना रंग, मोरपिसं, गळ्यात कवड्यांचा पट्टा, आणि मालक सायलेन्सरची पुंगळी काढलेली गाडी फाडफाड वाजवत पुढं. म्हैस त्या आवाजामागं पळते. दोर नाही, काठी नाही. हजार माणसं दुतर्फा, दहा गाड्या वाजतायत, तरी म्हैस आपल्याच गाडीमागं येते. चंद्रीची आजी याच राजदूतमागं पळाली, आई पळाली, आणि गेली सहा वर्षं चंद्री पळते. वर्षभर मी कोण? गुडघे दुखणारा, एकच गोष्ट चारदा सांगणारा म्हातारा. पाडव्याला तेवढी दहा मिनिटं माझी असतात. ती गेली तर माझ्याजवळ काय उरतं?

"मान्य," मी म्हणालो. हरवतंय कोण!

वसुबारसेला सकाळी चंद्रीला पंचगंगेवर नेलं. मी राजदूतवर पुढं, ती मागं. तिला घासलं, गाडीही धुतली, अकराच्या सुमारास दोघींना घेऊन घरी आलो. गाडी गोठ्यासमोर लावली. किल्ली खिळ्याला अडकवली. बायको आणि सून बाजाराला गेलेल्या; झाकलेलं जेवलो आणि आडवा झालो. तीनला उठून बाहेर आलो, तर गाडी नाही.

किल्ली खिळ्यालाच. अर्थात त्या राजदूतला कपाटाची किल्लीसुद्धा चालते, त्यामुळं तो काही पुरावा नव्हे. मी ओरडलो. बायको मीनाबाई हात पुसत आली, सून आली, संग्रामही तेवढ्यात कारखान्यातली पहिली पाळी संपवून आला. मी काही बोलायच्या आधीच तिघांनी एकमेकांकडं बघितलं. ते बघणं मी ओळखतो.

"कुठं लावलासा, आबा?"

"हितं! ह्या दगडाला टेकून!"

वर्षाराणीनं फोन काढला. बोटानं नकाशा मोठा केला, लहान केला, परत मोठा केला. "मामा, गाडी घरातच दावतंय."

"कुठल्या घरात?"

"आपल्याच."

राजदूत म्हणजे काय सुई आहे? तरी आम्ही शोधली. मीनाबाईनं माळ्यावर बघितलं. मी गवताच्या गंजीमागं बघितलं आणि माझी मलाच लाज वाटली. मग सून म्हणाली, थांबा, वाजवून बघते. तिनं फोनवर काहीतरी दाबलं आणि कुठूनतरी बारीक टिंटिं आवाज आला. गोठ्यातून येत होता. आम्ही चौघं आत गेलो. चंद्री रवंथ करत उभी होती, आणि तिच्या गळ्यातून टिंटिं वाजत होतं.

कवड्यांच्या पट्ट्याला, आतल्या बाजूनं, काळ्या दोऱ्यानं ती चकती पक्की बांधलेली होती.

मग संग्रामनं विचारलं, "आबा, तुमीच बांधलासा काय ओ?" अगदी मऊ आवाजात. तो खेकसला असता तर मी दुप्पट खेकसलो असतो. मऊ बोलल्यावर माणूस काय करणार?

मी आठवायला लागलो. नदीवर चंद्रीचा पट्टा सोडून सीटवर ठेवला होता, हे नक्की. मग गाडीवर पाणी ओतलं. चकती भिजेल म्हणून सीट उचलली का? काळा दोरा तर माझ्या खिशात नेहमीच असतो. मला माझाच हात दिसायला लागला, सीट उचलणारा, गाठ मारणारा. पण ते मला आठवत होतं, की ते सांगतायत म्हणून दिसत होतं, हेच कळेना. दात पडल्यावर जीभ सारखी तिथंच जाते, तसा मी त्या सकाळीत परत परत जात होतो, आणि दर खेपेला सकाळ थोडी वेगळीच निघत होती.

"मग चंद्री घरी कशी आली?" मी म्हणालो. "ती गाडीबिगर हालत न्हाई."

"सवयीनं आली आसंल चालत," मीनाबाई म्हणाली. "तुमच्या मागनं. आवो, ऱ्हाऊ द्या की आता."

संग्राम नदीवर बघून आला. नाही म्हणाला. चोरीला गेली असेल म्हणाला. आणि मी, जो मार्केटच्या दोन दारांवरून महिनाभर भांडलो होतो, तो म्हणालो, "आसंल बाबा. सोडलो आसंन मी तितंच."

पुढचे दिवस वाईट गेले. कुणी रागावत नव्हतं. चहा वेळेवर येत होता. मी तालमीकडं फिरकलो नाही. चपला काढून ठेवल्या की मनात म्हणायचो, दाराच्या डाव्या बाजूला, जोतीराम, डाव्या. गोठ्यासमोरच्या त्या दगडाकडं बघायचो. गाडी तिथं टेकवताना झालेला आवाज कानात होता, पण तो त्या दिवसाचा की चाळीस वर्षांतल्या कुठल्यातरी दिवसाचा? मला भीती वाटत होती. गाडीची नव्हे. गाडी लोखंडाची आहे, आज ना उद्या मिळेल. डोकं कुठं सोडून आलो असलो, तर ते कुणाच्या फोनवर दिसणार होतं?

पाडव्याचं विचारलं तर संग्राम नुसता "बघू" म्हणायचा.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी चंद्रीला दोर लावून पाण्यावर नेत होतो. शिंगं रंगवून झाली होती, एक तांबडं, एक पिवळं. बोळाच्या तोंडाशी ती थांबली. कान ताठ केले. मी "हूं, चल" म्हणालो आणि तिनं अशी धाव घेतली की दोर माझ्या तळव्याची साल काढून गेला.

"आगं ए चंद्रे!"

ती कुठली ऐकते! मी गुडघे धरून मागं. रिक्षावाल्यानं ब्रेक मारला, फराळाचं ताट घेऊन चाललेली एक बाई ओट्यावर चढली. दुसऱ्या वळणाला माझ्याही कानावर आलं. फाड, फाड, फाडफाडफाड. मधेच एक ठोका चुकतो तो आवाज. जगात दुसऱ्या कुठल्या गाडीचा नाही.

तालमीच्या मागं बाळासो मिस्त्रीचं गॅरेज आहे. तिथं माझी राजदूत उभी होती, पुंगळी काढलेली, टाकी पुसून लख्ख. वर संग्राम बसून मूठ पिळत होता. चंद्री त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली आणि तिनं तोंड त्याच्या खांद्यावर टेकवलं.

मला आधी राग आलाच नाही, हे खरं सांगतो. आधी आनंद झाला. असा आनंद मला संग्राम जन्मला तेव्हाही झाला नव्हता.

"मी इसरलो न्हवतो!" मी बोंबललो. "बाळासो, ऐक, मी इसरलो न्हवतो! घरी आणलोतो गाडी! दगडाला लावलोतो!"

बाळासोनं पाना खाली ठेवला आणि तो गुपचूप आत गेला. संग्रामनं गाडी बंद केली. तो पांढराफटक पडला होता. मग आला मला राग.

"पाळी सोडून आलतास व्हय रं चोरा? सवताच्या बापाला येडा ठरवालास? चकती तूच बांधलास?"

"व्हय."

"का?"

"फोनवर गाडी घरात दिसावी म्हणून. घरात कुणाला ठावं न्हाई, मी आन् बाळासोच." तो गाडीवरून उतरला, पण माझ्याकडं बघेना. "आबा, गेल्या म्हैन्यात स्टँडजवळ तुमी उलट्या बाजूनं घुसलासा. एस्टीच्या म्होरं. ड्रायव्हरनं कच्चून ब्रेक मारला. मी मागंच हुतो. आन् तुमाला कळलंबी न्हाई. तुमी शीळ घालत हुतासा."

"मला सांगायचं हुतंस!"

"सांगून किल्ली दिला असतासा?"

"न्हाई."

"मग? मला वाटलं, तुमीच म्हणशिला, आता नको म्हणून. मग पाडव्याला सापडली म्हणून आणणार हुतो."

माझा हात उठला होता. तो तसाच खाली आणला. एस्टी मला आठवत नव्हती. ती आठवत नव्हती म्हणजे घडली नव्हती, की घडली होती म्हणूनच आठवत नव्हती? आत्ता मिळालेला आनंद मला घालवायचा नव्हता. मी चंद्रीच्या पट्ट्याला अजून तशीच असलेली ती चकती हिसडून काढली, सदऱ्याच्या खिशात कोंबली. घरी जाऊन सुनेपुढं आपटणार होतो.

"सर बाजूला," म्हणालो, आणि एका किकमध्ये राजदूत चालू झाली.

काय सांगू! पाडवा एक दिवस आधी आला. मी पुढं, चंद्री मागं, तिची तांबडी-पिवळी शिंगं आरशात हलतायत. लोक दारात आले. कुणीतरी शिट्टी मारली. "आबा, उद्या हाय की पाडवा!" मी हात वर केला. विसरलो नव्हतो मी.

गिरणीपाशी दोन बोळ फुटतात. तिथं मी थांबलो.

गिरणी ओळखीची होती. तिच्या दारातला कडप्पा ओळखीचा होता. पण डावीकडं जायचं की उजवीकडं, हे माझ्याजवळ नव्हतं. जिथं ते असायला हवं तिथं काहीच नव्हतं. दोन्ही बोळ सारखेच दिसत होते, दोन्हींकडं आकाशकंदील लावलेले. हसलो, स्वतःलाच. म्हटलं, येईल. आलं नाही. कुणाला विचारू? याच पेठेत जन्मलेला माणूस, आणि आपलं घर कुठं म्हणून विचारणार? एक ओळखीचा चेहरा "काय आबा" म्हणून पुढं गेला आणि मी "बरं हाय" म्हणालो. गाडी धडधडत राहिली आणि मग बंद पडली.

चंद्री माझ्यामागं थांबली होती. आवाज थांबला तशी तिनं थोडी वाट बघितली. मग माझ्या अंगाला घासून पुढं आली आणि वळूनही न बघता डावीकडच्या बोळात शिरली.

मी गाडीवरून उतरलो आणि ढकलत तिच्या मागं गेलो.

आमचं दार आलं तेव्हा वर्षाराणी उंबऱ्यावर उभी होती, फोन हातात. संग्राम दुसऱ्या वाटेनं आधीच पोचला होता आणि खाली मान घालून गोठ्याशी उभा होता.

"मामा," ती हळू म्हणाली, "गिरणीपाशी लई येळ थांबलासा?"

मी चकती बाहेर काढली. तिच्यापुढं आपटायची होती ती. मीनाबाई आतून विचारत होती, गाडी सापडली का, कुठं होती म्हणून. चंद्री दगडापाशी उभी राहून दोर बांधायची वाट बघत होती. मी संग्रामला जवळ बोलावलं आणि गाडीची किल्ली त्याच्या हातावर ठेवली.

"उद्या तू चालीव. तिसऱ्या गेरात ठोका चुकतोय, तितं मूठ सोडू नगंस. ती आवाजामागं येती."

"आबा, तुमी—"

"मी कडंला उभा ऱ्हातो की. बघतो."

"आन् ही चकती सीटखाली लावू परत?" त्यानं हात पुढं केला.

"नगं," मी म्हणालो. "गाडी चंद्रीला सापडती."

आणि चकती परत सदऱ्याच्या खिशात टाकून खिशाचं बटण लावलं.