आडव्या बाटलीचा पुरावा

"परत काढलं मेल्याने!" सुवर्णाने टेबलावर हात आपटला.

पलंगावर लसूण सोलत बसलेल्या गोजराबाईंनी मान वर केली. "काय काढलं गं?"

"तुझं नाव, आई!"

सुवर्णा नाशिकच्या एका वाचनालयात लिपिक. फावल्या वेळात ती इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात लिहायची. तिथे कुणालाही लिहिता येतं, कुणालाही खोडता येतं. सिन्नर तालुक्यातल्या आपल्या गावाचं पान तिने उघडलं, तर त्यात वाक्य होतं: 'सरपंच धोंडीराम यांच्या पुढाकाराने गावात दारूबंदी झाली.' तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दारूचं दुकान त्या धोंडीरामच्याच भावाचं! बऱ्याच वर्षांपूर्वी महिनाभर दारोदार फिरून बायकांना आडव्या बाटलीवर, म्हणजे दुकान बंद करण्याच्या चिन्हावर, शिक्का मारायला तयार केलं ते तिच्या आईने. त्यापायी सरपंचाच्या धाकाने गिरणीवाल्याने त्यांचं दळण घेणं बंद केलं होतं.

तिने वाक्य दुरुस्त केलं. 'गोदाकाठ' नावाच्या सदस्याने तासाभरात ते उलटवलं: संदर्भ द्या. तिने मतदानाची मागणी करणाऱ्या बायकांच्या अर्जाची प्रत चढवली. त्यावर पहिला अंगठा गोजराबाईंचा; 'ही माझी आई' असंही तिने लिहिलं. आज उत्तर आलं: 'हा कागद कुठेही प्रसिद्ध झालेला नाही. शिवाय त्या तुमच्या आई आहेत. तुम्ही तटस्थ नाही.'

आणि सरपंचाला कसला संदर्भ होता? वर्तमानपत्राची पुरवणी. सुवर्णाने पुढच्या तीन दुपारी वाचनालयातले जुने गठ्ठे उपसले, तेव्हा ती हाती लागली. धोंडीरामच्या वाढदिवसाची पुरवणी होती ती! खाली 'शुभेच्छुक' म्हणून भावाचा हसरा फोटो.

तिने चर्चापानावर लिहिलं, 'ही बातमी नाही, जाहिरात आहे. विकत छापून घेतलेलं खोटं तुम्हाला चालतं, आणि जिने केलं तिचा अंगठा चालत नाही?'

दोन दिवसांनी वाद मिटवणाऱ्या प्रचालकाने निकाल दिला. पुरवणी बाद, सरपंचाचं नाव बाद. पण गोजराबाईंच्या नावालाही छापील आधार नाही, तेही बाद. दुकान बंद करण्याच्या सरकारी आदेशात जेवढं आहे तेवढंच राहील.

"मी सोडणार नाही," सुवर्णा म्हणाली. "पुन्हा भांडेन."

"त्याचं नाव गेलं ना?"

"गेलं."

"मंग माझं बी जाऊ दे. आता काय लिवलंय ते वाच."

"'गावातील महिलांनी मतदान करून दारूचे दुकान बंद केले.'"

"बायांनी?"

"हो."

"हे खरं हाय." गोजराबाई बोटांवर मोजू लागल्या. "सिंधू व्हती. चांगुणा व्हती, नवऱ्यानं लय मारलं तरी आली. अंबू, लता… सगळ्या गेल्या गं. मी एकलीच राहिले. त्यांची नावं लिव की."

एकाही नावाला संदर्भ नव्हता. सुवर्णाने लॅपटॉप मिटला, कोरा कागद पुढे ओढला.

"सावकाश सांग, आई," ती म्हणाली. "आडनावासकट."