दातांत धरलेली वाघीण

यंत्राच्या छोट्या पडद्यावर आलेखाचं एक उंच टोक उभं राहिलं आणि आशयचा यंत्र धरलेला हात तिथेच थांबला.

"काय दिसतंय?" वसुधाने विचारलं.

"आर्सेनिक असू शकतं, मॅडम. किंवा शिसं. दोघांची पहिली टोकं जवळजवळ एकाच जागी येतात."

"मग शिसंच. चेहऱ्यावर शेंदूर आहे ना, त्यात शिसं असतं."

"हो. पण मी मागची बाजू बघतोय."

संग्रहालयाच्या मागच्या खोलीत लांब टेबलावर जुने लाकडी मुखवटे पालथे मांडले होते. आतल्या बाजूला रंगाचा ठिपकाही नव्हता. फक्त तोंडाच्या जागी एक आडवी पट्टी होती. या मुखवट्यांना दोरी नसते. नाचणाऱ्याने ती पट्टी दातांत घट्ट धरायची, म्हणजे मान कशीही फिरवली तरी मुखवटा हलत नाही.

आशय रसायनशास्त्रात एमएस्सी करून नुकताच इथे लागला होता. जुने रंग कशाचे आहेत ते शोधायला त्याने हे यंत्र एका प्रयोगशाळेतून मागून आणलं होतं. "दुसरं टोक बघू," तो म्हणाला. "ते दोघांचं वेगळ्या जागी असतं. तिथे चूक होत नाही."

दोघं पडद्याकडे बघत राहिली. दुसरं टोक हळूहळू वर आलं.

"शिसं नाही," आशय म्हणाला.

त्याने शेजारचा मुखवटा घेतला, मग त्याच्या पलीकडचा. सगळ्यांत तेच निघालं.

"पूर्वी वाळवी लागू नये म्हणून लाकडाला हे चोपडायचे," वसुधा म्हणाली. "कितीतरी संग्रहालयांत चोपडायचे." बोलताना तिची नजर टेबलाच्या रिकाम्या कोपऱ्यावर होती. तिथला वाघिणीचा मुखवटा नाटक मंडळीतल्या सोनलकडे होता, तालमीला.

वसुधा इथे नोकरीला लागली तेव्हा शहरातले कलावंत संग्रहालयात यायचे ते उद्घाटनाला, चहा-समोसा घेऊन परत जायला. तिने त्यांना मागचं अंगण उघडून दिलं. नाचणारे आले, चित्रकार आले, मूर्ती घडवणारे आले. वस्तू वापरात राहिली तरच ती राहते, असं ती बैठकीत सांगायची, आणि वरिष्ठ हसायचे. नीळकंठदादांच्या नाटक मंडळीला मुखवटे बाहेर न्यायची परवानगी मिळवायला तिची उमेदीची वर्षं गेली होती. भोपाळमधली कलावंत मंडळी संग्रहालयाला "वसुधाचं घर" म्हणायची, आणि हे ऐकायला तिला आवडायचं.

तालमीला देण्याआधी वाघीण तिने स्वतःच्या हाताने साफ केली होती. आतून काळपट, चिकट वार्निशचा थर होता, मागाहून कुणीतरी लावलेला. मूळ वस्तूवर मागाहून चढलेलं काढून टाकायचं, हे ती शिकली होती आणि इतरांना शिकवतही होती. हातमोजे घालून, स्पिरिटमध्ये कापूस बुडवून, लाकडाच्या रेषा दिसेपर्यंत तिने तो थर उतरवला होता.

"वाघिणीवर वार्निश असेल तर फारसं काही—" आशयने सुरुवात केली.

"नाहीये," ती म्हणाली. "मी काढलं."

सोनलचा फोन बंद होता. नीळकंठदादांचाही. तालमीत सगळ्यांचे फोन बंद करून टोपलीत ठेवायचे, असा मंडळीचा शिरस्ता होता. वसुधाने गाडीची किल्ली उचलली.

जवाहर चौकात गाडी अडकली. पुढे बस, बाजूला रिक्षा, मध्ये कुणाची तरी स्कूटर बंद पडलेली.

"पट्टी तालमीभर तोंडात असते?" आशयने विचारलं.

"हो."

"कधीपासून?"

"दसऱ्यापासून."

त्याने काहीतरी बोलावं, निदान आकडेमोड तरी करावी, असं वसुधाला वाटत होतं. तो खिडकीबाहेर बघत होता.

तालीम एका दुकानाच्या वरच्या दालनात चालायची. जिन्यातच ढोल ऐकू आला. मधोमध वाघीण होती, चारी पायांवर, डोकं खाली घालून गोल फिरणारी. नीळकंठदादांनी मागे न बघताच हात वर केला. थांबा.

"सोनल, काढ तो," वसुधा म्हणाली.

वाघिणीने मान वळवली नाही.

"सोनल. ऐक माझं."

मुखवटा चढला की आपल्या नावाला ओ द्यायची नाही, हा मंडळीचा नियम. जो ओ देईल त्याने सगळ्यांना चहा करून पाजायचा आणि आठवडाभर टोमणे खायचे. सोनल आजवर एकदाही हरली नव्हती. ती वाघीण आणखी जोरात फिरू लागली. विष म्हणून ओरडावं, असं वसुधाच्या मनात आलं. पण पोरगी दचकेल, पट्टी आणखी आवळेल, आवंढा गिळेल. ती पुढे गेली, गुडघ्यांवर बसली आणि नाटकातल्या बायका बोलतात तशी बोलली.

"वाघीणबाई, दमलात. बसा. पाणी आणलंय."

वाघीण थबकली आणि बसली. वसुधाने ओढणी हाताभोवती गुंडाळून मुखवटा अलगद ओढून घेतला. पट्टी ओली होती. साफ केलेल्या मऊ लाकडावर दातांचे खोल वण होते.

"मावशी, हे चीटिंग आहे हं," सोनल धापा टाकत म्हणाली. "नावाने हाक मारून जमलं नाही म्हणून—"

"थुंक आधी. चूळ भर. गिळू नकोस काही."

"वसुधा, तालीम आहे ही," नीळकंठदादा म्हणाले. "दातांचा दवाखाना नाही."

मग आशयने सांगितलं. ढोलवाल्याने ढोलावरचे हात काढून मांडीवर ठेवले. सोनलच्या ओठांभोवती लालसर पुरळ होतं, ते आता सगळ्यांनाच दिसलं.

"तरीच यार, पोट कब से खराब आहे," सोनल म्हणाली. "मला वाटलं बिट्टन मार्केटची पाणीपुरी." ती एकटीच हसली.

"पायांना मुंग्या येतात?" आशयने विचारलं.

तिने पाय जवळ ओढून घेतले. "त्या तर येतातच ना? एवढं वाकून, रांगून?"

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, लघवीचा नमुना पाठवला आणि सोनलला ठेवून घेतलं. अहवाल यायला काही दिवस लागणार होते. वसुधा दवाखान्याच्या व्हरांड्यात आली तेव्हा संचालकांचा फोन आला. ते चार इमलीतल्या, साहेबलोकांच्या वस्तीतल्या बंगल्यातून बोलत होते, मागे कुणीतरी टीव्ही लावला होता.

"अभी सबको स्किन एलर्जी कह दीजिए, वसुधाजी. रिपोर्ट आने दीजिए. बेकार में दहशत फैलेगी."

वसुधाला हा सल्ला पटला, निदान क्षणभर. आपल्याला तो पटला याचीच तिला भीती वाटली.

सोनलची आई सुमन ऑफिसमधून थेट आली होती, डब्याची पिशवी अजून खांद्याला. भोपाळच्या वायुगळतीच्या रात्री ती लहान मुलगी होती, स्टेशनजवळ भाड्याच्या खोलीत राहणारी. थंडी पडली की अजून तिला खोकला लागायचा.

"काय झालंय हिला, वसुधाताई?"

"मुखवट्याला औषध लावलेलं होतं जुनं. त्याचा थोडा त्रास."

"कुठलं औषध?"

वसुधा हातातला फोन पिशवीत ठेवू लागली.

"आम्हाला तेव्हा असंच सांगितलं होतं," सुमन म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "डोळे धुवा, घरी जा. माझ्या बाबांच्या छातीत नेमकं काय गेलं, ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. मला नाव सांगा."

"आर्सेनिक," वसुधा म्हणाली. "सोमल. त्यावर वार्निश होतं, ते मी काढलं. नसतं काढलं तर इतकं गेलं नसतं तिच्या पोटात."

सुमन बाकावर बसली. पिशवी तिने मांडीवर घेतली. "डॉक्टरांना असंच सांगितलंत?"

"असंच."

"तुम्ही काढलंत हेही?"

"हो."

सुमनने मान हलवली. ती रागावली असती तर वसुधाला बरं वाटलं असतं.

त्या संध्याकाळी वसुधाने आजवर ज्यांनी ज्यांनी ते मुखवटे घातले होते त्या सगळ्यांना फोन केले आणि प्रत्येकाला तेच नाव सांगितलं. कुणी हसण्यावारी नेलं, कुणी शांतपणे तपासणी कुठे करायची ते विचारलं. एका नर्तिकेने, वसुधाच्या वीस वर्षांच्या मैत्रिणीने, मधेच फोन ठेवला आणि पुन्हा उचलला नाही.

"तुझ्या दारात आता कुणी पाऊल ठेवणार नाही," नीळकंठदादा म्हणाले.

"माहीत आहे, दादा."

"बरं. माझी लघवीची बाटली उद्या कुठे आणून देऊ ते सांग. आणि नाव नीट लिहा रे त्यावर, दुसऱ्याचं पाप नको माझ्या माथी."

अहवाल आला तेव्हा सोनलचा आकडा मर्यादेच्या कितीतरी वर होता. यकृत आणि मूत्रपिंडं शाबूत होती. शरीरातलं विष आपोआप बाहेर पडेल, डॉक्टर म्हणाले, पुढच्या तपासणीत आकडा उतरलेला दिसेल. आणि तो उतरलाही. नसांचं, म्हणजे मज्जातंतूंचं, मात्र त्यांना सांगता येत नव्हतं. काही नसा महिन्यांनी सुधारतात. काही सुधारत नाहीत.

दुसरा अहवाल आला त्या दुपारी वसुधा खाटेच्या पायथ्याशी बसली होती. सुमन खिडकीपाशी मोसंबी सोलत होती.

"मावशी, ते डॉक्टरवालं करू या," सोनल म्हणाली आणि तिने डोळे मिटले. "तुम्ही पायाच्या बोटाला हात लावा, कुठलं ते मी सांगते. एकदम पक्कं सांगते, बघा."

वसुधाने अंगठ्याला बोट लावलं.

"अंगठा. सोपं आहे."

शेजारच्या बोटाला लावलं. सोनल थोडं थांबली. "त्याच्या बाजूचं."

"बरोबर."

खिडकीपाशी सुमनचे हात थांबले होते. वसुधाने सोनलची करंगळी धरली.

"लावा ना, मावशी," सोनल डोळे मिटूनच म्हणाली. "घाबरताय काय?"

वसुधाने करंगळी आणखी जोरात दाबली.