‘आपण’ म्हणजे कोण

दादाने घसा खाकरला आणि धाकटीने ओळखलं, आता भाषण होणार. साधं बोलायचं असलं की दादाला घसा साफ करावा लागत नसे.

बैठक तिला अडवायलाच भरवली होती. दुसऱ्या गावच्या कॉलेजात वक्तृत्व शिकवायची कायमची नोकरी तिला लागली होती. बॅग दाराशी उभी होती आणि गाडी पाचची होती. बाबांना पक्षाघात झाल्यापासून त्यांचं सगळं तिनेच केलं होतं. दादा आणि वहिनी त्याच घरात वरच्या मजल्यावर राहत, पण तो जिना खाली उतरण्यासाठीही असतो हे त्यांच्या कधी लक्षात आलं नव्हतं. आता दिवसा परिचारिका येणार होती, रात्री मात्र जिना उतरणं भाग होतं. म्हणून तर काका आणि आत्याला बोलावणं गेलं. श्रोते नसले की दादाला वाचा फुटत नाही.

दादा एका कंपनीत विक्रेत्यांचे वर्ग घ्यायचा. नको असलेली वस्तू गिऱ्हाइकाच्या गळ्यात कशी मारावी, हा त्याचा विषय. गळ्यात मारणारा काय काय युक्त्या करतो ते ओळखावं कसं, हा धाकटीचा. बहीणभावांचं पटत नाही याचं आत्याला उगाच नवल वाटे.

“बाबांनी आपल्यासाठी काय नाही केलं?” दादाने सुरुवात केली.

प्रश्नालंकार, धाकटी मनात म्हणाली. ज्याचं उत्तर नको असतं तो प्रश्न. मग विराम आला. दादाने चष्मा काढून पुसला. काच आधीच लख्ख होती, पण आत्याने डोळे टिपले. पाठोपाठ अधिकारवाणी आली. डॉक्टर म्हणे सांगतात, घरच्या माणसाच्या स्पर्शात निम्मं औषध असतं. कुठले डॉक्टर ते दादाने सांगितलं नाही. बाबांच्या डॉक्टरांचं नावदेखील त्याला ठाऊक नव्हतं. वक्तृत्वस्पर्धेतल्या एखाद्या पोराने असली थाप मारली असती तर तिने हसून चार गुण कापले असते. टक्कल पडायला आलेल्या भावाचे किती कापायचे, हे तिला सुचेना.

शेवटी स्वारी मुद्द्यावर आली. “आपण बाबांना परक्यांच्या हाती देणार नाही. आपण थोडा त्याग करू. आपण रात्री जागू.” तीन वाक्यं, चढता आवाज, आणि तिन्हींच्या तोंडाशी आपण.

मराठीतला हा महालबाड शब्द. आपण म्हणजे तू आणि मी. आपण म्हणजे मी एकटा, ‘आपण बरं, आपलं काम बरं’ यातला. आणि ‘आपण बसावं’ म्हटलं की आपण म्हणजे समोरचा. दादा पहिला आपण दाखवून शेवटचा विकत होता. बाबांची चादर ओली झाली की मात्र त्याला मधला आठवायचा. धाकटीला त्याची किळस आली. मान डोलावणाऱ्या काकांची तर त्याहून जास्त आली, कारण दादाला निदान आपण काय करतोय ते कळत होतं.

“आपण म्हणजे कोण, दादा?”

“आपण म्हणजे आपण. कुटुंब.”

“मग इतके दिवस रात्री कुटुंबातलं कोण जागलं?”

काका म्हणाले, ही उणीदुणी काढायची वेळ नव्हे. वहिनीने घाईघाईने चहाचे कप गोळा केले, त्यात आत्याचा भरलेला कपही गेला.

आणि तेवढ्यात बाबा बोलले.

हे सगळं बाबांच्याच खोलीत, त्यांच्या पलंगाभोवती चाललं होतं. त्यांना ऐकू उत्तम येतं, हे सगळे सोयीने विसरले होते. मूळचाच तो अबोल माणूस. उभा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेला. आजारानंतर तर ‘पाणी’ आणि ‘नको’ एवढे दोनच शब्द उरले होते. आज तिसरा आला. धाकटीकडे बघून ते म्हणाले, “ये.”

ही संधी सोडेल तर तो दादा कसला. “ऐकलंत? बाबा तिला बोलावताहेत. आता याच्यापुढे मी काय बोलू?” असं म्हणून तो पुढे बोलतच राहिला.

दादाचं वाक्य न् वाक्य धाकटीने सोलून टाकलं होतं, पण या एका अक्षरात सोलण्यासारखं काहीच नव्हतं. बाबांना युक्त्या येत नव्हत्या. ती हरली होती. बॅग आत न्यावी लागणार, असं मनाशी म्हणत ती उठून पलंगाजवळ गेली.

बाबांनी चांगल्या हाताने तिचं मनगट धरलं, तिच्या घड्याळाच्या काचेवर बोटाने टकटक केलं आणि मग तोच हात दाराच्या दिशेने झटकला. “ये,” ते पुन्हा म्हणाले.

तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. या घरात बाहेर पडताना ‘जाते’ म्हणायची सोय नव्हती. जाते म्हणू नये, येते म्हणावं, असं बाबांनीच शिकवलं होतं. ती शाळेला निघाली की दारातून ‘येते’ म्हणायची. ते डोळ्याला लावलेलं भिंग न काढता ‘ये’ म्हणायचे आणि हात असाच झटकायचे. बाबा तिला बोलावत नव्हते, निरोप देत होते. जन्मभर शब्द पारखणारी ती, आणि दादाने लावलेला अर्थ मुकाट खरा धरून बसली होती. तिला स्वतःची लाज वाटली.

“येते, बाबा,” ती म्हणाली.

दादा अजून संस्कारांवर बोलत होता. तिने बॅग उचलली आणि उंबऱ्याशी वळून अगदी गोड आवाजात म्हणाली, “दादा, आठची गोळी आपण द्यायची.”

दादाने आधी वहिनीकडे पाहिलं, मग आत्याकडे, मग काकांकडे. सगळे त्याच्याकडेच बघत होते.