त्या बायांची चूल

पायलने पानावर अंगठा दाबून धरला आणि दुसऱ्या हाताने संघर्षच्या मुठीतून पुस्तकाचा कोपरा सोडवला. आठ महिन्यांच्या पोराला दात येत होते. हाती लागेल ते तोंडात जायचं, मग तो लंडनचा इतिहास का असेना.

विहारात वर्षावासाचं वाचन चालू होतं. पावसाळ्याचे तीन महिने रोज धम्मग्रंथाचं वाचन, आणि वाचायचा मान आजवर पुरुषांचा. यंदा बायांनी लावून धरलं म्हणून रविवारची दुपार पायलला मिळाली होती. विहाराचा सचिव राजदीप मघाशीच बजावून गेला होता,

"वहिनी, ग्रंथ झाला की हे विलायतेचं कायले? बाया झोपल्या तं पुढच्या रविवारपासून मीच वाचतो."

माहेरून, बाभुळगावच्या वाचनालयातून आणलेलं ते पुस्तक तिने पोर निजल्यावर, भाकरी थापता थापता, चार-चार ओळी करून वाचलं होतं. ते एकटीनेच वाचून परत द्यायचं तिच्या जिवावर आलं होतं.

"इटलीत काळे शर्टवाले फॅसिस्ट राजधानीवर चालून गेले, अन् त्यांना कोणी अडवलंच नाही," तिने सुरुवात केली. "सत्ता त्यांच्या हाती आली. लंडनमध्येही तसेच काळे शर्टवाले होते. एकोणीसशे छत्तीस साली त्यांनी ठरवलं, गरीब ज्यूंच्या वस्तीतून मोर्चा काढायचा. रस्त्याचं नाव केबल स्ट्रीट."

"केबलवाल्याची गल्ली का वं?" शेजारची उर्वशी म्हणाली. बाया हसल्या. राजदीपने घड्याळ पाहिलं.

पायलही हसली. मग तिने पुस्तक मांडीवर पालथं घातलं आणि सांगायलाच लागली. कपडे शिवणारे ज्यू आणि गोदीतले आयरिश हमाल त्या दिवशी एकत्र उभे राहिले. पोलीस मोर्चाला वाट करून द्यायला आले, तर लोकांनी घरातल्या खुर्च्या, गाद्या, फळ्या, असेल ते रस्त्यात रचलं. पोलिसांच्या घोड्यांच्या टापांखाली गोट्या सोडल्या. बायांनी माडीवरून रात्रीची भांडी पोलिसांच्या डोक्यावर उपडी केली.

"कशाची भांडी?"

"मुताची, काकू."

असं हसू फुटलं की संघर्ष दचकून पदरात शिरला.

"मोर्चाला तिथून जाताच आलं नाही," पायल म्हणाली.

भिंतीला टेकून बसलेल्या प्रभावती आजी तेवढ्या हसल्या नव्हत्या. सत्तरी कधीच ओलांडलेली, घरात एकटी बाई.

"मंग त्या बायाइनं सांजच्याले चूल कशावर पेटवली?" त्यांनी विचारलं.

पायलला प्रश्न कळला नाही.

"घरातलं लाकूड तं रस्त्यात देलं न त्याहीनं. दुसऱ्या रोजी पोरायले काय रांधून घातलं?"

पायलने पानं मागेपुढे केली. तारीख होती, पोलिसांचा आकडा होता. "यात नाही लिहिलं, आजी."

"नसनच लिहिलं."

मग उर्वशी हलक्या आवाजात म्हणाली, "तू बाहेरून आली, तुले कोणी सांगतलं नसन. मी चार-पाच वर्साची असन तवा. काठ्या घेऊन लोक वस्तीवर चालून आलते. माणसं कापसाच्या जिनिंगात कामाले गेलेली. आजीनं आपली वर्सभराच्या जळणाची पऱ्हाटी वढून गल्लीच्या तोंडाशी टाकली. तिचं पाहून साऱ्याइनं टाकली. अन् आजीनं काडी लावली. सांज होयेपर्यंत जळत होती. ते पल्याड उभे राह्यले, अन् गेले वापस."

"अन् चूल?"

"वर्सभर काड्या येचल्या, बाई. शेण येचलं."

पायलने पोराच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथेच राहिला.

कापूस वेचून झाल्यावर शेतातली पऱ्हाटी उपटली की दर घरचा एक भारा आजींच्या दारात जायचा. पायलला वाटे, एकट्या बाईला वस्तीची मदत. यंदा भारा न्यायची वेळ आली तेव्हा तीच म्हणाली होती, "आता गॅस आहे न त्यांच्याकडे. कायले वाहायचा?" सासू नुसत्या तिच्याकडे बघत राहिल्या होत्या. भारा टिनाखालीच पडून होता.

वाचन संपल्यावर घरी येऊन तिने पोर सासूंच्या मांडीवर दिलं, विहारासाठी नेसलेल्या पांढऱ्या साडीचा पदर खोचला आणि भारा डोक्यावर घेतला.

आजी ओसरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. आत कुकरची शिटी झाली. पायलने भारा उतरवला.

"गॅस हाय मायाजवळ, पोरी."

"माहीत आहे, आजी."

आजींनी भाऱ्याची दोरी चाचपली, बाहेर आलेली एक काडी आत सारली. मग उठून त्यांनी तो भिंतीशी, बाकीच्यांच्या रांगेत उभा केला.

"पुढच्या रविवारी त्या बायाइच्या चुलीचं शोधून आणजो," त्या परत तांदळाशी बसत म्हणाल्या. "राजदीपले मी सांगतलं हाय."