शांततेची सोय

लातूरच्या गंजगोलाईजवळ डाळींचं दुकान चालवणारे महादेवप्पा दहावीच्या पालकसभेला गेले, तेव्हा त्यांचा मानसशास्त्राशी काही संबंध नव्हता. परत आले तेव्हा होता. व्याख्याते म्हणाले होते, "मुलांच्या यशात मनःस्थितीचा वाटा मोठा. घरात शांतता ठेवा." महादेवप्पांनी आयुष्यात कुणाला माप कमी दिलं नव्हतं. शांतताही त्यांनी भरपूर द्यायचं ठरवलं.

त्यांची लेक सुकन्या अभ्यास करायची ती स्वयंपाकघरात, आणि मोठ्यानं. धडा एकदा डोळ्यांखालून घालायची आणि भाकरी थापणाऱ्या दानम्माआत्याला सांगायला बसायची. दानम्मा म्हणजे महादेवप्पांची थोरली बहीण, त्यांच्याकडेच राहणारी.

"आत्या, हृदयाला चार कप्पे असत्यात."

"चार? माझ्या सासूला येक बी नव्हता."

"ऐक की! रक्त येका बाजूनं येतं, दुसरीकडून जातं."

"आन् मधूनच माघारी फिरलं तर?"

"झडपा असत्यात. माघारी येऊ देत न्हाईत."

"हां, म्हंजे माझ्या बापाच्या दारावानी."

सुकन्या खदखदून हसायची आणि धडा डोक्यात पक्का बसायचा. वर्गात नंबर कायम वरचा.

सभेहून आल्या आल्या महादेवप्पा म्हणाले, "अक्का, हे आता बंद. लेकरू अभ्यास करायलंय का गप्पा मारायलंय?"

"आरं, ती मला शिकवायलीय."

"तुला कुठं परीक्षेला बसायचंय?"

 हवापालटासाठी अक्कांना नांदेडजवळ विष्णुपुरीला, त्यांच्या लेकीकडे पोचवण्यात आलं.

मग काम पद्धतशीर सुरू झालं. कुकरची शिट्टी बंद, वरण पातेल्यात. बेलची वायर कापली. टीव्हीवर चादर घातली, त्यामुळे तो वारल्यासारखा दिसू लागला. पाहुण्यांना दारातच खुणेनं वाटेला लावायचे. गल्लीलाही अभिमान चढला. भाजीवाला त्या दारापुढून चोरासारखा जाई. आई सुकन्याच्या खोलीत ताट ठेवून पाठमोरी होई.

"आई, बस की जरा."

आई ओठांवर बोट ठेवी आणि दार लोटून घेई.

सुकन्या वाचायची. पान उलटायची. मागच्या पानावरचं काही उरलेलं नसायचं. एकदा तिनं भिंतीला धडा सांगून पाहिला, पण भिंतीला शंका येत नाहीत. ती पुटपुट महादेवप्पांनी दाराआडून ऐकली, पोरीला ताण आलाय हे ओळखलं आणि कानात घालायचे बोळे आणून दिले. चांगल्या कंपनीचे.

सराव परीक्षेत विज्ञानाचा निम्मा पेपर कोरा निघाला. सरांनी महादेवप्पांना बोलावलं.

"घरी काही झालंय का?"

"काहीच न्हाई, सर," महादेवप्पा अभिमानानं म्हणाले. "साधा आवाजसुद्धा न्हाई."

सरांनी तो पेपर पुढं ठेवला. "पोरगी वर्गात प्रश्न विचारून भंडावून सोडायची. दिवाळीपासून तोंड उघडलेलं नाही. आम्हाला वाटलं, घरात कुणी गेलं की काय."

महादेवप्पा गाडी तिथंच विसरून चालत घरी आले. आल्या आल्या टीव्हीवरची चादर काढली, विष्णुपुरीला फोन केला आणि दुसऱ्या दिवशी अक्कांना स्वतः घेऊन आले.

सुकन्या वाकून पाया पडली. "प्रवासात दगदग झाली असंल. पडा जरा," म्हणाली आणि खोलीत निघून गेली.

दानम्मा पिशवी हातातच धरून उभ्या राहिल्या. "महादेवा, पोरगी मला आहो-जाहो करायलीय रे."

महादेवप्पा दार ढकलून आत गेले. सुकन्यानं कानातले बोळे काढले आणि उभी राहिली.

"काही काम होतं का, अप्पा?"

"न्हाई. सहज आलो."

तिनं खुर्ची पुढं सरकवली. ते बसले. दुकानात दिवसभर भाव करणाऱ्या त्या माणसाला एक शब्द सुचेना.  ते उठून जातील म्हणून ती आदबीनं वाट बघत राहिली.