दात नसलेली किल्ली

काळ्या खिडकीत शेवटची ओळ उमटली: आज्ञा यशस्वीरीत्या पूर्ण झाली.

यशस्वीरीत्या म्हणे. सूनबाईने घराबाहेर पाऊल टाकून मागे दार ओढून घेतलं होतं, किल्ली आतच राहिली होती, आणि कॉम्प्युटर वरून शाबासकी देत होता.

थांबा. असं मधूनच उचललं तर कुणाला काही कळायचं नाही. जरा मागे जाऊ.

पुढे कुलपांचं दुकान, मागे राहतं घर, आणि दोन्हींच्या मधल्या अरुंद जागेत एक टेबल. त्यावर कॉम्प्युटर. दुकानाचा म्हणावा तर आत घरच्यांचे फोटो, घरचा म्हणावा तर आत तीस वर्षांत कापलेल्या किल्ल्यांची नोंद. दुकान सासऱ्यांचं. गल्ली त्यांना कुलुपकाका म्हणते, सूनबाई बाबा म्हणते. नवरा जहाजावर इंजिनाच्या खोलीत, सहा महिने घरी आणि सहा महिने पाण्यात. सध्या पाण्यात.

बाबांच्या हातात कुठलंही कुलूप दिलं की ते दोन मिनिटांत गयावया करू लागायचं. पण कॉम्प्युटरसमोर बसले की त्यांचं बोट आणि पडद्यावरचं बटण यांच्यामध्ये कुणी उभं राहू शकत नव्हतं. ‘तुम्ही बक्षीस जिंकलात’ दिसलं की दाब. ‘कॉम्प्युटर साफ करा’ दिसलं की दाब. एकमेकांनाच साफ करू पाहणारे चार सफाईवाले आत ठाण मांडून बसले होते, आणि दर तासाला एक बाई कुठल्याशा अनोळखी गावाचं हवामान मोठ्याने सांगायची.

“अहो बाबा, दाबता कशाला?”

“अगं, तो विचारतो ना. कुणी विचारलं की उत्तर द्यावं.”



तर काल नवीन मशीन आलं. आकडे सांगितले की किल्ली आपोआप कापणारं. आणि लगेच कामही आलं: नर्सिंगच्या मुलींचं वसतिगृह, चाळीस खोल्या, जुन्या किल्ल्या गहाळ, हातात फक्त कुलपांच्या नंबरांची यादी. मुली उद्या सकाळी राहायला येणार. किल्ल्या आज संध्याकाळी सहापर्यंत हव्यात. बाबांनी यादी तिच्यापुढे सरकवली होती.

“हे काम तुझं. मी मध्ये पडणार नाही. नीट झालं तर यापुढे दुकान तू बघ. मी कोपऱ्यात बसून चहा पिईन आणि नावं ठेवीन.”

सहा वर्षं ती या एका वाक्याची वाट पाहत होती. आणि सहा वर्षं वाट पाहिलेलं वाक्य ऐकून तिने काय केलं?

तिने बाबांचे हात बांधायचं ठरवलं.

म्हणजे असं. कॉम्प्युटरमध्ये काही जण मालक असतात, काही पाहुणे. मालकाने नवीन प्रोग्रॅम बसवावा, जुना काढावा. पाहुण्याने बसावं, चहा घ्यावा, कपाटाला हात लावू नये. घरात बाबाही मालक आणि तीही मालक. उद्या बाबांनी पाचवा सफाईवाला आणला आणि त्याने मशीनचाच प्रोग्रॅम झाडून नेला तर? तेव्हा मशीन जोडण्याआधी बाबांना गुपचूप पाहुणा करून टाकायचं. सांगायचं नाही. बाबांना वाईट वाटेल.

सकाळी बाबा कुणाच्या तरी तिजोरीचं दार उघडायला गेले, तशी ती बसली. मोबाइलवर सापडलेली कृती समोर ठेवली: काळी खिडकी उघडा, ही आज्ञा लिहा, पुढे नाव टाका. नावं तिथे नवऱ्याने पहिल्या दिवशी दिलेलीच दिसत होती. घर-एक. घर-दोन. आणि तिसरं, कुणीच कधी न वापरलेलं, दुकान.

या घरात चहाचे कपसुद्धा वयाच्या क्रमाने भरतात. म्हणजे घर-एक कोण? बाबाच, दुसरं कोण असणार. तिने घर-एकला पाहुणा केलं. मग बाबांच्या खात्यात जाऊन पाहिलं, तर बाबा अजून मालकच. आज्ञा लागू झाली नसेल, असं समजून ती आधीच, मालक असताना उघडलेल्या काळ्या खिडकीकडे परत आली आणि घर-दोनवरही तीच फिरवली. पाहिलं. बाबा पाहुणे झाले होते. जमलं! खिडकी मिटली.

जहाजावरच्या त्या माणसाने बायकोला पहिला नंबर दिला होता: घर-एक म्हणजे तीच. सहा वर्षांत सांगितलंही नव्हतं. आणि आता कळत होतं ते असं. मालक उरला होता एकटा ‘दुकान’.

*

कॉम्प्युटर: हा प्रोग्रॅम बसवण्यासाठी ‘दुकान’चा पासवर्ड द्या.

सूनबाई: नवऱ्याचं नाव.

कॉम्प्युटर: चूक.

सूनबाई: नवऱ्याचं नाव, पुढे जन्मसाल.

कॉम्प्युटर: चूक.

सूनबाई: स्वतःचं नाव. (मोठ्या आशेने.)

कॉम्प्युटर: चूक.

सूनबाई: जे लिहिलं ते इथे देता येणार नाही.

कॉम्प्युटर: चूक. काही वेळाने पुन्हा प्रयत्न करा.

*

फोन जहाजापर्यंत पोहोचत नव्हता, निरोपाखाली एकच राखाडी खूण. वसतिगृहाच्या बाईंचा मात्र पोहोचला.

“सहाला माणूस पाठवते हं. होतंय ना सगळं?”

“होतंय की,” ती म्हणाली. आवाज कुणा दुसऱ्याच बाईचा वाटला.

सगळंच पुसून कॉम्प्युटर नव्याने सुरू करता आला असता, मोबाइलवर तोही उपाय होता. पण मग तीस वर्षांची नोंद गेली असती. हाताने कानस चालवून चाळीस किल्ल्या करायला दोन दिवस. घड्याळात एक वाजला. हवामानवाल्या बाईने सांगितलं, आकाश निरभ्र आहे.

“कोणाचं आकाश गं?” बाबा दारात उभे होते, पिशवी खांद्यावर. “झालं का मशीन सुरू?”

“होतंय.”

बाबांनी पिशवी ठेवली, हात धुतले, आणि तिच्याकडे पाहिलं. बेचाळीस वर्षं हा माणूस बंद दारांबाहेर उभ्या असलेल्या लोकांचे चेहरे पाहत आला होता.

“किती वेळ झाला बाहेर उभी आहेस?”

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. “अकरापासून.”

“मग पुढे ये. काउंटरच्या पलीकडे.”

“बाबा, वेळ नाहीये हो!”

“गिऱ्हाईक तिकडून येतं.”

बाबांनी वही काढली. सगळ्या गल्लीला ही वही माहीत आहे. कुलूप उघडून हवं असेल, तर आधी तीन प्रश्न. राजा येऊ दे नाहीतर रडणारं पोर, तीन प्रश्न चुकत नाहीत. तरुणपणी बाबांनी एकदा न विचारता एक दार उघडून दिलं होतं. ते दार त्या माणसाचं नव्हतं. आत एक बाई होती, तिने ते मुद्दाम लावून घेतलं होतं. बाबा याहून जास्त कधी सांगत नाहीत.

“दार कोणाचं?”

“आपलंच. कॉम्प्युटरचं.”

बाबांनी लिहिलं. सावकाश. वेलांटी, उकार, सगळं व्यवस्थित.

“बंद कोणी केलं?”

आता आली का पंचाईत. आपोआप झालं, म्हणता आलं असतं. वीज गेली होती, म्हणता आलं असतं. किंवा, बाबा, तुम्हीच काल काहीतरी दाबलंत, आणि बाबांनी ते मानलंही असतं, कारण काल त्यांनी खरंच काहीतरी दाबलं होतं.

रस्त्यावरून कुणाची तरी सायकल गेली. पेन कागदावर थांबलेलं.

“मी,” ती म्हणाली. “तुम्हाला बाहेर काढायला गेले होते. न सांगता. म्हणजे, तुम्ही काहीही दाबता ना, म्हणून. आधी चुकून मीच बाहेर पडले, मग तुम्हालाही काढलं. आता आत कुणीच नाही.”

बाबांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांचं पोट हलायला लागलं. मग खांदे. मग चष्मा काढून ठेवावा लागला.

“दोघांनाही?”

“दोघांनाही.”

“अगं, मी एवढी दारं उघडली, पण घरातली सगळी माणसं बाहेर ओळीने उभी करून मग दार लावणारी पहिल्यांदाच पाहिली!” त्यांनी डोळे पुसले. नंतर जरा वेगळ्या आवाजात म्हणाले, “मला सांगायचंस, बाबा, हात लावू नका. मी लावला नसता.”

“लावला असता.”

“लावला असता,” त्यांनी मान्य केलं. “पण सांगायचंस.”

“चुकलं.”

“तिसरा. आत कोण आहे?”

“तुमच्या सगळ्या किल्ल्या. आणि चाळीस मुलींच्या खोल्या.”

बाबांनी वही मिटली आणि मागच्या भिंतीकडे वळले.

तिथे किल्ल्या अडकवायच्या आकड्यांचा फळा होता. बाबांनी कधीही एखादं कुलूप बसवलं आणि त्याची दुसरी किल्ली ठेवून घेतली नाही, असं झालेलं नव्हतं. गिऱ्हाइकाची परवानगी, वर चिठ्ठी, आणि किल्ली आकड्याला. अगदी वरच्या ओळीत, शेवटच्या आकड्याला, एक कोरी पितळी किल्ली लटकत होती. दात न कापलेली. सहा वर्षं सूनबाई झाडताना तिच्यावरूनही फडकं फिरवत आली होती. वाटायचं, राहिली असेल एखादी भंगारातली.

“कॉम्प्युटर बसवला त्या दिवशी पोराला म्हटलं, कुलूप लावतोस तर दुसरी किल्ली इथे दे. तो म्हणाला, बाबा, याला किल्ली नसते, नंबर असतो. म्हटलं, मग नंबर दे, किल्ली मी करतो.”

किल्लीच्या गोल डोक्यावर कडेकडेने, काही सुलटे, काही उलटे ठसे ठोकलेले होते. आठ इंग्रजी आकडे.

ती धावतच टेबलापाशी गेली. कॉम्प्युटरचा रुसवा एव्हाना संपला होता, चौकट पुन्हा उघडी होती. एकेक आकडा पाहून, ओठांनी पुटपुटत टाकला.

चूक.

“बाबा!”

“ओरडू नको. वाच बघू.”

तिने वाचले. पाचवा नऊ.

“नऊ कशावरून? ठशांच्या पेटीत सहा आणि नऊला एकच ठसा असतो, उलटा धरला की नऊ, सुलटा धरला की सहा. म्हणून मी सहाखाली टिंब देतो. टिंब बघ.”

“नाहीये टिंब.”

“सहा वर्षं फडकं फिरवतेस, आणि मळ किती हा!”

बाबांनी किल्ली तिच्या हातातून घेतली, शर्टाच्या कडेला घासली, अंगठ्याच्या नखाने खरवडली, आणि परत दिली. आकड्याखाली सुईच्या टोकाएवढा खड्डा होता. त्यातला काळा मळ निघून पितळ चमकत होतं.

सहा.

टाकला. क्षणभर काही झालं नाही. मग चौकट गेली आणि प्रोग्रॅम बसायला लागला, हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकू लागली, आणि सूनबाई चक्क खुर्चीवरून खाली जमिनीवर बसली. जीव भांड्यात पडला. हसू येत होतं की रडू, हे ठरवायची तिला घाई नव्हती.

पहिली किल्ली पावणेदोनला कापून झाली. चाळिसावी साडेतीनच्या आत. यंत्र थांबलं तेव्हा दुकानात पितळेचा बारीक भुगा आणि केवढी तरी शांतता पसरली होती.

तिने घर-एकला पुन्हा मालक केलं. मग मागे वळून विचारलं.

“बाबा, तुम्हाला काय करू?”

“पाहुणा.”

“खरंच?”

“सांगून करतेस ना? मग कर. पाहुण्याला चहा मिळतो.”

तिने केलं. चारही सफाईवाले काढले. हवामानवाल्या बाईलाही निरोप दिला. बाबा जरा हळहळले, म्हणाले, तिचा आवाज चांगला होता.

“आता ‘दुकान’चा नंबर बदल,” ते म्हणाले. “तुझा तू घाल.”

त्यांनी खणातून एक कोरी किल्ली काढली, ठशांची पेटी काढली, ऐरण पुढे ओढली, हातोडी तिच्या हातात दिली. आणि तिजोरीचं गिऱ्हाईक स्वतःचा नंबर ठरवताना ते जे नेहमी करतात तेच त्यांनी केलं. भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, हात मागे बांधून.

“सहाखाली टिंब दे,” भिंतीला म्हणाले.

तिने पहिला ठसा किल्लीवर उभा धरला. हातोडी उचलली.