आर्मासचा उजवा खांदा

फिनलंडमधल्या आमच्या कौस्तिनेन गावात माणूस हाडवैद्याकडे दुखणं घेऊन येत नाही, मासे घेऊन येतो. मासे ओट्यावर ठेवतो, कॉफी पितो, हवेबद्दल एखादं वाक्य टाकतो आणि निघताना दारापाशी घुटमळतो. तेव्हा आपण म्हणायचं, वाफेचा सौना तापलेलाच आहे, जरा पाठ दाबून देऊ का. मग तो आपल्यावर उपकार केल्यासारखा कोट काढतो. आईच्या हाताखाली हे काम शिकले तेव्हापासून मी ही नाटकं बघतेय, आणि खरं सांगते, मला त्यांचा राग येतो. दुखतंय म्हणायला काय जीभ झिजते?

आर्मास असाच आला. सत्तरी ओलांडलेला, गावातल्या व्हायोलिनवाल्यांचा म्होरक्या. शनिवारी त्याच्या नातीचं, हिल्लाचं लग्न होतं. नवरीला चर्चमधून घरी आणताना वादक पुढे चालतात, आणि माझ्या लग्नात सगळ्यांत पुढे आजोबाच हवेत, हे हिल्लानं शाळेत असल्यापासून बजावून ठेवलं होतं. आता आर्मासचा खांदा धरला होता. डॉक्टरांनी फोटो काढून पाहिलं, आत तुटलंफुटलं काही नव्हतं, आखडला होता इतकंच. गावात सगळ्यांना कुणकुण होती आणि कुणी त्याविषयी चकार शब्द काढत नव्हतं.

आमच्या कामात कटकन मोडणं वगैरे नसतं. आधी सौनात अंग सैल करायचं, मग पायाच्या बोटांपासून वर चढत एकेक सांधा हलवत जायचं आणि विचारत राहायचं, इथे दुखतं का, इथे? आर्मासचं प्रत्येक ठिकाणी एकच उत्तर, "चालतंय." शेवटी मीच अंदाज बांधला. जन्मभर डाव्या खांद्यावर व्हायोलिन ठेवलेला माणूस, दुसरं काय दुखणार! डावाच ना, म्हणून विचारलं तर तो "हं" म्हणाला. त्या आठवड्यात तो दोनदा आला, दोन्ही वेळा मी तो डावा खांदा घाम गाळून मळला, आणि दोन्ही वेळा तो आभार मानून सायकलवरून निघून गेला.

बुधवारी त्याच्या बायकोचा, लेम्पीचा फोन आला. डावा खांदा झकास झालाय म्हणाली, अगदी विशीतला वाटतो.

"आता उजव्याचंही बघशील का गं, सैमी?"

"उजवा?"

"अगं, व्हायोलिनचा गज उजव्या हातात धरतात ना!"

"मग हा बाप्या बोलला का नाही?"

"तू इतकं मन लावून दाबत होतीस, तुला मधेच टोकणं त्याला बरं वाटेना."

माझं डोकंच फिरलं. गाडी काढली आणि थेट त्याच्या लाकडांच्या शेडपाशी गेले. तो आत एकटाच उभा होता, हातात गज, आणि हात छातीच्या वर जात नव्हता. मला बघून त्यानं गज पाठीमागे लपवला. ते बघून माझा राग कुठल्या कुठे गेला. त्याला गाडीत घातलं, घरी आणलं, सौना तापवला, आणि नंतर बाकावर निजवून सांगितलं, की कुठे दुखतं ते तोंडानं सांगितल्याशिवाय मी आज हात लावणार नाही.

त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं.

"तौनोला कळेल," तो म्हणाला. तौनो म्हणजे त्याच्या मागे दुसऱ्या जागेवर वाजवणारा. तो आपल्या जागेवर टपून बसलाय, असं आर्मासनं डोक्यात घेतलं होतं.

"इथे मी आहे आणि सौनाचे दगड आहेत. कोण सांगणार त्याला?"

"दुखतंय," तो म्हणाला. मग एकदम, "तिथे नाही, खाली. आत. हां, तिथे. फार दुखतंय, सैमी."

पाठीच्या फऱ्याखाली होतं सगळं. मी हळूहळू सोडवत गेले आणि तो बोलत गेला, आणि आम्ही दोघंही डोळ्यांतून येणाऱ्या पाण्याला घाम म्हणत राहिलो. शनिवारपर्यंत खांदा पुरता सुटणार नाही, हे मी त्याला साफ सांगितलं. चर्चपासून घरापर्यंत निभेल. त्यानंतर दुखायला लागलं की थांबायचं, आणि तसं मोठ्यानं म्हणायचं.

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

शनिवारी तो वाजवत पुढे चालला. हात वर जात होता, हिल्ला मागून हसत येत होती, आणि मी कडेच्या गवतातून त्याच्या कोपराकडे बघत चालले होते. अंगणात पोचल्यावर नाच सुरू झाला. पहिला नाच अर्ध्यावर आला असेल नसेल, आर्मासचा जबडा आवळला. मला वाटलं, गेलं सगळं पाण्यात, हा आता मरेपर्यंत वाजवणार. पण त्यानं गज खाली घेतला.

"दुखतंय," तो म्हणाला. संगीत थांबलं. तो वळला आणि ओठ घट्ट दाबून त्यानं तौनोला पुढे यायची खूण केली. "ही जागा तू घे."

तौनो लालबुंद झाला आणि बुटांकडे बघत म्हणाला, "माझं मनगट वळत नाही रे. तू बरा व्हावास म्हणून मी रोज प्रार्थना करतोय. नाहीतर हे माझ्याच गळ्यात पडलं असतं."

मग तिसरा हळूच म्हणाला, त्याचं कोपर धरलंय. पेटीवाल्याची पाठ. अख्ख्या रांगेत धड माणूस नव्हता, आणि हे सगळे वर्षभर शेजारी शेजारी बसून एकमेकांना चालतंय म्हणत होते! आधी हिल्ला हसली, मग अख्खं अंगण. बूट चावतायत म्हणून तिनं ते काढून फेकले, आजोबांच्या हातातलं व्हायोलिन घेतलं आणि अनवाणीच त्यांच्या जागी उभी राहून वाजवायला लागली.

आर्मास रिकाम्या हातांनी उभा राहिला. गावातल्या एकूण एक लग्नात त्यानं लोकांना नाचवलं होतं, स्वतःच्या लग्नातसुद्धा, आणि लेम्पी दर वेळी भिंतीपाशी बसून त्याचा कोट सांभाळत आली होती. तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि डावा हात पुढे केला.

"माझे गुडघे दुखतात," लेम्पी म्हणाली, आणि उठली.